वाऱ्याचं शास्तर

पहिले आठ दिवस मी त्या बाईच्या घरी पाणी भरलं. हातात नेमणुकीचा सरकारी कागद, अंगावर पांढरी साडी, आणि डोक्यावर तिचा हंडा. खोली बघायला गेले तेव्हा अक्का ओट्यावर बसून लसूण सोलत होत्या. मला वरपासून खालपर्यंत न्याहाळून म्हणाल्या, "आठे ऱ्हानं शे ना? मंग पहिला आठ दिन घरमालकीननं पानी भरनं पडस. शास्तर शे."

मी नगरकडची. म्हटलं, खानदेशात असेल बाई काहीतरी पद्धत, नव्या गावात पहिल्याच दिवशी कशाला तोंड वाजवा. नवव्या दिवशी आडावर एका बाईनं मला विचारलं, सिस्टर, तुम्ही अक्कांचं पाणी का भरता? मी शास्त्र सांगितलं. ती दोर सोडून खाली बसली आणि हसत सुटली. असलं शास्त्र ना त्या गावात होतं, ना तालुक्यात.

घरी येऊन मी भांडले. भांडण मला जमतं, ते काही शिकावं लागलं नाही. अक्कांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "आठ दिनमा बठ्ठं गाव तुले वळखाले लागनं. आडवर नही जाती ते कोन वळखतं?" खरंच ओळखायला लागलं होतं.

ही गोष्ट नव्वदच्या आगेमागेची. नरडाण्याहून तापीच्या बाजूला आत गेलं की ते गाव. दिवसाला दोन एसट्या, त्यातली एक येईलच असं नाही. मी उपकेंद्राची नर्स आणि अक्कांची भाडेकरीण. चार वर्षं राहिले. त्या चार वर्षांत अक्कांनी किती शास्त्रं काढली याची गणती नाही. लागेल तेव्हा लागेल तसं शास्त्र त्या जागेवर पाडत, आणि तोंड असं करत की ऐकणाऱ्याला वाटावं, आपल्याच आजीनं आपल्याला हे सांगितलं होतं, आपणच विसरलो.

शेजारचा गडी त्यांच्या दारासमोर गाडी सोडायचा. अक्का त्याच्याशी भांडल्या नाहीत. नुसतं म्हणाल्या, जू उगवतीकडे करून गाडी सोडली तर डावा बैल बसतो. त्यांचं दार उगवतीला. दुसऱ्या दिवसापासून गाडी पलीकडच्या गल्लीत. मारुतीच्या देवळातल्या म्हाताऱ्या गुरवानं एकदा त्यांना धरलं. हे तुम्ही सांगता ते कुठल्या पोथीत आहे, ते तरी कळू द्या. अक्का म्हणाल्या, "पोथी ज्यानी लिखी, त्यानी कोनले इचारं व्हतं?" गुरव विचारात पडला. तो बहुधा अजून विचारातच असेल.

माझ्या नोकरीत मात्र त्यांच्या शास्त्रानं माझी लाज राखली आणि काढलीही. गावात पोरांना ट्रिपलची सुई टोचून घ्यायला आया तयार नसत. ताप येतो, पोर रडतं, नको. मी घसा फोडून सांगत होते. अक्का एक दिवस उठल्या आणि आडावर जाहीर करून आल्या, "सुई टोची का लगेच नर्सबाईना हातनं काजळ लावनं. मंग पोऱ्याले नजर लागत नही. शास्तर शे." पुढच्या वारी उपकेंद्राबाहेर रांग. मी सुई टोचायची, पोरगं भोकाड पसरायचं, की लगेच मांडीवर बोळा आणि कपाळाला काजळ. काही बाया तर म्हणू लागल्या, सिस्टर, सुई राहू द्या, नुसतं काजळ लावा. मोठे डॉक्टर तपासणीला आले. लशीच्या डब्याचं झाकण उघडलं तर बर्फाशेजारी काजळाची डबी. त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, साहेब, शास्त्र आहे. त्यांनी रजिस्टर पाहिलं. एकही पोर सुटलेलं नव्हतं. चष्मा परत लावून ते जीपमध्ये बसले.

घरात अक्का एकट्या. मूलबाळ नाही. यजमान रेल्वेत गँगमन होते, नरडाण्याच्या लायनीवर. ते जाऊन वीस वर्षं झालेली. ओसरीच्या भिंतीवर त्यांचा फोटो होता, डोक्यावर रेल्वेची टोपी, चेहरा असा की फोटोवाल्यानं आत्ताच त्यांना काहीतरी टोचलंय. धुळ्याला जाऊन काढलेला तेवढा एकच फोटो. तो स्टुडिओही पुढे बंद पडला. म्हणजे माणसाचा मागे उरलेला कागद तेवढाच. दिवेलागणीला अक्का त्याच्यासमोर बसून दिवसभराचा हिशोब द्यायच्या. कोण बाळंत झाली, कुणाची म्हैस आटली, नर्सबाई आज कुणाशी भांडली. सुरुवातीला मला वाटलं बाई वेडी आहे. वर्षभरात मीच आतून ओरडून सांगायला लागले, अक्का, पोस्टमनचं सांगायचं राहिलं.

आता त्या पोरीचं सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यामुळे झालं.

पोर गावातलीच. गावातल्या गावात, खालच्या गल्लीत दिलेली. नवरा सुरतेला लूमवर गेला आणि तिकडंच दुसरी करून बसला. सासूनं, तिला सगळे नानी म्हणत, या पोरीला बापाकडे परत धाडली. पोर गेली, भांडी राहिली. बापानं लग्नात दिलेला तांब्याचा हंडा, दोन मोठी पितळी पातेली, परात, कढई, ताटं. बाप गरीब माणूस, त्यानं एक बैल विकून ती केली होती. पोरीनं दोनदा जाऊन मागितली. नानी म्हणाली, घासूनपुसून माळ्यावर ठेवलीत, माझा पोरगा येईल तेव्हा बघू. अक्का तेव्हा आडावर नानीला चार शब्द बोलल्या होत्या, चारचौघींत. तेव्हापासून दोघींचं बोलणं बंद.

आणि नेमकी त्या उन्हाळ्यात पोरीला भांड्यांची गरज लागली. नरडाण्याला कारखान्यांची बांधकामं चालू होती. तिथल्या मुकादमाला पंधरा-वीस मजुरांचा स्वयंपाक करायला बाई हवी होती. राहायला खोली देणार होता. अट एकच, भांडी स्वतःची. तो पंधरवडाभर थांबणार होता, मग दुसरी बाई बघणार. पोर येऊन माझ्या खोलीच्या उंबऱ्यात बसायची आणि काहीच बोलायची नाही. मला अशा न बोलणाऱ्या पोरींचा फार राग येतो, कारण त्यांच्यासाठी काही करता येत नाही म्हणून आपलाच राग येतो.

अशात ते वादळ आलं.

मे महिना, दुपारची वेळ. गावभर बाजेबाजेवर कुरडया आणि बिबडे वाळत घातलेले. बिबडे म्हणजे ज्वारीचे पापड, खानदेशी माणूस त्यावर वर्ष काढतो. अक्कांच्या अंगणातल्या बिबड्यांवर कावळे येऊ नयेत म्हणून मी काठी घेऊन बसलेली. (भाडेकरणीनं बिबडे राखायचे, हेही शास्त्रच.) तापीकडच्या बाजूला आभाळ उडीद घातलेल्या कळण्याच्या पिठासारखं काळपट झालं. मग शेतातून एक वावटळ उठली. वावटळी तिकडे रोजच्याच. पण ही उठली ती खाली बसेना. कडबा, पाचट, धूळ, सगळं गोळा करत उभीच्या उभी गावाकडे यायला लागली आणि आत काहीतरी घरघरत होतं.

आता गावानं काय करावं? पळावं, घरात शिरावं. पण अक्कांचं फार जुनं एक शास्त्र होतं, मी यायच्या आधीचं. वावटळीवर उजव्या पायातली चप्पल फेकायची, म्हणजे वारा वाट सोडतो. हे त्यांनी कधी कशासाठी काढलं देव जाणे. तर बठ्ठं गाव अंगणात उभं राहिलं आणि ज्यानं त्यानं उजवी चप्पल काढून त्या काळ्या खांबावर भिरकावली. मी शिकलेली बाई. मीसुद्धा फेकली. नवी कोरी होती, धुळ्याहून आणलेली.

वाऱ्यानं वाट सोडली नाही.

दहा मिनिटंही नसेल चाललं. मी आणि अक्का चुलीमागे एकमेकींना घट्ट धरून बसलो होतो. डोक्यावर पत्रे ओरबाडल्याचा आवाज, मग एकदम उजेड, मग वर पाहिलं तर आभाळ. बाहेर आलो तेव्हा गाव ओळखू येईना. वारा एका पट्ट्यातून गेला होता. त्या पट्ट्यात एकाही घरावर पत्रा नाही, विजेचे खांब वाकलेले, शाळेचं छप्पर पाझर तलावात पडलेलं, कडुनिंब मुळासकट आडवा. दोन म्हशी मेल्या, एका म्हाताऱ्याचा पाय मोडला. आणि पट्ट्याच्या बाहेर, अगदी दहा पावलांवर, एका बाजेवर कुरडया जशाच्या तशा वाळत होत्या. एकही इकडची तिकडे नाही. ते बघून मला जास्त भीती वाटली.

आमचा मागचा अर्धा भाग राहिला, ओसरीचं छप्पर गेलं. आणि भिंतीवर नुसता खिळा. अक्कांनी खिळ्याकडे पाहिलं. मग म्हणाल्या, चल, तुझी पिशवी घे, लोकांची डोकी फुटली असतील.

संध्याकाळपर्यंत आम्ही घरोघर फिरत होतो. मी जखमा धूत होते, अक्का कापूस आणि बाटली धरत होत्या. वाटेत प्रत्येक उकिरड्याकडे, प्रत्येक कुंपणाकडे त्यांची नजर जायची. मी विचारलं, फोटो बघताय का? त्या म्हणाल्या, बिबडे बघतेय.

नानीच्या दारात आल्यावर त्या थांबल्या. मी म्हटलं, तुम्ही बाहेर थांबा हवं तर. पण नानीचं डोकं पत्र्यानं चांगलं चार बोटं कापलं होतं, रक्ताचा ओहोळ तोंडावर, आणि मला एकटीला ते जमणारं नव्हतं. अक्का मुकाट आत आल्या आणि कापूस धरला. नानीचं घर तर पार उघडं पडलं होतं. माळाच उडाला होता, माळ्यावरच्या सामानासकट. पण बाई खंबीर. डोक्याला मी टाके घालतेय आणि ही पोरांना ओरडून सांगतेय की अंगणात पडलेली एकूण एक वस्तू गोठ्यात नेऊन ठेवा. अंगणात लोकांचे पत्रे पडले होते, कुणाची बादली, कुणाची सतरंजी. एक शेजारीण आपली बादली मागायला आली तर नानीनं तिला उभं केलं नाही. म्हणाली, "वारानी आमना आंगनमा आनं ते आमनं. आमनं गयं ते कोन दी ऱ्हायनं?"

तेवढ्यात माझ्या हातात यायचा कापूस आला नाही. वळून पाहिलं तर अक्का गोठ्याच्या दाराकडे तोंड करून उभ्या होत्या. मी ओरडले, अक्का, कापूस. त्यांनी दिला. मग उंबऱ्यावर बसल्या आणि नानीच्या धाकट्या सुनेकडे पाणी मागितलं. मला वाटलं, थकल्या असतील. वय झालं होतं त्यांचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या पोरीचा बाप माझ्याकडे आला. दोन्ही हात काट्यांनी भरलेले. त्याचं शेत खालच्या गल्लीच्या मागेच, नाल्याच्या पलीकडे, भोवती निवडुंगाचं कुंपण. तिथंच झोपडी करून बाप-लेक राहायचे. वारा तिकडूनच बाहेर गेला होता आणि जाताना नानीचा माळा त्या निवडुंगात झाडून गेला होता. हंडा, पातेली, परात, कढई. थोडी चेपली, पण सगळी. बाप काटे काढून घेता घेता रडकुंडीला आला होता. म्हणाला, सिस्टर, पोरगी ती भांडी मांडीवर घेऊन बसलीय. हंड्यावर माझं नाव होतं, ते खिळ्यानं खरवडून टाकलंय त्यांनी. पण नानीला कळलं तर चोरी केली म्हणेल. मी आत्ता जाऊन सगळं परत देऊन येतो.

मी चिमटा आपटला आणि त्याला काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. अक्का चुलीपाशी होत्या. तिथूनच म्हणाल्या, "थांब. दुपारलगून थांब. आनि कोनले काही सांगू नको."

दुपारी सगळं गाव मारुतीच्या देवळापुढे जमलं. धुळ्याहून जीप येणार, नुकसान लिहून घेणार असं कळलं होतं. जीप काही आली नाही, पण लोक बसून राहिले. काय ते बसणं. प्रत्येकाच्या डाव्या पायात चप्पल आणि उजवा पाय उघडा. आणि पत्र्यांवरून जुंपलेली. हा माझा, तो तुझा, तुझा तर गंजलेला होता. अक्का गेल्या तशी एकानं आधी त्यांच्यावरच राग काढला. म्हणाला, अक्का, तुमच्या शास्त्रानं चपला फेकल्या, तरी घर गेलं. मी मनात म्हटलं, आज बाई सापडली.

अक्का सावकाश पायरीवर बसल्या. "पत्रा गयात, मानसे ऱ्हायनात. एक तरी मानूस मरनं का? चपला फेक्या नसत्यात ते मंग?"

लोकांनी एकमेकांच्या उघड्या पायांकडे पाहिलं. खरंच की. माणूस एकही गेला नव्हता. म्हातारा गुरवसुद्धा मान हलवायला लागला. आपली चप्पल वाया गेली नाही, हे ऐकायला सगळ्यांनाच बरं वाटलं. मला तर फारच बरं वाटलं.

आणि तापल्या तव्यावर अक्कांनी भाकरी टाकली. "आते दुसरं शास्तर आयका. वारा जे जेना आंगनमा टाकस, ते तेनं. ते मांगानं नही. मांगं ते पुढला साल वारा वस्तू सोडस आनि मानूस लई जास."

कुजबुज सुरू झाली. पण सगळ्यात आधी कोण उठावं? नानी. डोक्याला माझी पांढरी पट्टी, आणि गोठ्यात गावाचं अर्धं सामान. ती म्हणाली, "बराबर शे. अक्का बराबर सांगी ऱ्हायनी. मन्ही सासूबी आसंच सांगे." तिच्या सासूनं हे सांगितलं असणं शक्यच नव्हतं, कारण अक्कांनी ते त्याच सकाळी चुलीपाशी काढलं होतं. अक्का म्हणाल्या, नानी, तुझं म्हणणं असेल तर मारुतीच्या पायरीला हात लावून सांग, म्हणजे कुणाला शंका नको. नानीनं लावला. दोन्ही हात लावले.

"पत्राबी?" एक गरीबसा माणूस मागून बोलला. त्याचं सगळं छप्पर नानीच्या गोठ्यात होतं.

अक्का त्याच्यावरच चिडल्या, जणू हे काय विचारायचं असतं. "पत्रा म्हंजे घरनं कातडं. कातडं जेनं तेलेच देनं पडस. पत्रा सोडीसन बाकी बठ्ठं."

नानीचं तोंड जरा उतरलं. पण हात पायरीला लागलेले होते, आणि बादल्या, सतरंज्या होत्याच. मग अक्कांनी पोरीच्या बापाकडे पाहिलं आणि म्हणाल्या, का रे बाबा, तुझ्या निवडुंगात काही पडलं का वाऱ्यानं? त्या भित्र्या माणसानं आयुष्यात पहिल्यांदा गावासमोर तोंड उघडलं. एक हंडा, दोन पातेली, परात, कढई, ताटं सहा. नीट सांगितलं, एकेक करून.

मी नानीकडे बघत होते. टाके तुटतात की काय अशी मला धास्ती वाटली. पण पायरीला हात तिनंच लावले होते. मागून कुणीतरी हसलं आणि मग हसू सगळ्या देवळापुढे पसरलं. आदल्या दिवशी घरं गेलेली माणसं हसत होती. मी स्वतः खांबाला धरून हसले.

हे इथंच संपलं असतं तर मी ही गोष्ट लोकांना नुसती हसवायला सांगितली असती. चार दिवसांनी मी नानीच्या डोक्याची पट्टी बदलायला गेले. घरावर पत्रे परत चढले होते. आणि समोरच्या भिंतीवर, दारातून आत येणाऱ्याला पहिल्यांदा दिसेल असा, अक्कांच्या यजमानांचा फोटो. काच फुटलेली, टोपी शाबूत, वर झेंडूचा हार. नानी म्हणाली, "वारानी आनं, सिस्टर. गव्हानमा पडेल व्हता. शास्तर शे, मी काय करू?" आणि गालातल्या गालात हसली.

माझं डोकं फिरलं. पट्टी कशी बांधली मला आठवत नाही. तडक घरी आले, पिशवी फेकली आणि म्हटलं, अक्का, ती बया तुमचा माणूस भिंतीला टांगून बसलीय, हार घालून. चला माझ्याबरोबर, कसला वारा आणि कसलं शास्त्र, मी आणते काढून.

अक्का तांदूळ निवडत होत्या. म्हणाल्या, "माले ठाऊक शे."

"कधीपासून?"

"तू तिना डोकाले टाका घाली ऱ्हायंती, तवयपासून."

म्हणजे देवळापुढे ते शास्त्र सांगितलं तेव्हा त्यांना माहीत होतं. आदल्या संध्याकाळीच त्यांनी गव्हाणीत फोटो पाहिला होता, आणि त्याच वेळी नानीच्या तोंडचं वाक्यही ऐकलं होतं. तेव्हाच मागितला असता तर भांडून का होईना मिळाला असता. पण सकाळी तो बाप काटे घेऊन आला, आणि या बाईनं दोन्ही गोष्टी तराजूत घातल्या, चुलीपाशी बसून, मला कळूही न देता. मला इतकं भरून आलं की मी त्यांच्यावरच ओरडले. सांगायचं होतं ना मला, मी काय परकी आहे? त्या म्हणाल्या, "तुले सांगतू ते तू भांडी येती."

भांडून आले असते. नक्कीच.

बातमी पोरीपर्यंत पोचायला वेळ लागला नाही. संध्याकाळी ती आली. डोक्यावर हंडा, हंड्यात पातेली, काखेत परात, मागे बाप कढई घेऊन. सगळं अंगणात उतरवलं आणि पहिल्यांदा माझ्यासमोर सलग बोलली. "अक्का, भांडा लई ल्या. नानीले दी टाका आनि बाबाना फोटो लई या. माले नही पाहिजे."

दुसऱ्याच दिवशी मुकादमाची मुदत संपत होती. मला माहीत होतं, अक्कांना माहीत होतं, बापानं तर मान खालीच घातली होती. अक्का उठल्या. हंड्याजवळ गेल्या, चेपलेल्या जागेवरून हात फिरवला, खरवडलेल्या नावावरून फिरवला.

"वीस वरीस मन्ही भीतवर व्हता," त्या म्हणाल्या. "एक तांब्या पानी भरीसन दिधं नही त्यानी. या हंडामा पानी तरी ऱ्हाई. जाय पोरी, मुकादम वाट देखी ऱ्हायना व्हई."

पोर सकाळच्या एसटीनं गेली. भांडी टपावर चढवायला मी आणि कंडक्टर.

त्यानंतर दिवेलागणीला अक्का ओसरीत बसायच्या, पण बोलायच्या नाहीत. मी मुद्दाम गावातल्या बातम्या मोठ्यानं सांगायचे, त्या नुसतं हं करायच्या. घर इतकं गप्प मी कधी पाहिलं नव्हतं. मला ते सहन होईना. मग एका गुरुवारी मी नानीकडे पट्टी बदलायला निघाले तर अक्का पायात चप्पल घालून तयार. म्हणाल्या, कापूस कोण धरणार तुझा?

नानीच्या घरी त्या बरोबर फोटोसमोरच्या पाटावर बसल्या. कापूस हातात, नजर भिंतीवर. मी पट्टी सोडली. जखम छान भरली होती, टाके काढून टाकले, आता कशाचीच गरज नव्हती. मी तसं म्हणायला तोंड उघडलं, तर अक्का नानीला म्हणाल्या, "वादळनी जखम साधी नही ऱ्हास. सव्वा महिना दर बेस्तरवारले पट्टी बदलनी पडस. शास्तर शे."

बेस्तरवार म्हणजे गुरुवार. नानीनं माझ्याकडे पाहिलं. नर्स म्हणून मला तेवढ्या वेळात ठरवायचं होतं. मी म्हटलं, हो नानी, सव्वा महिना. आणि धडधाकट डोक्याला सरकारी पट्टी गुंडाळली.

असे पाच गुरुवार गेले. मी पट्टी सोडायची, बांधायची, शक्य तितका वेळ काढायची. अक्का कापूस धरून बसायच्या. दुसऱ्या वारी त्यांचे ओठ हलताना दिसले. तिसऱ्या वारी तर अगदी स्पष्ट ऐकू आलं, कुणाची म्हैस व्याली आणि पोरीचं नरडाण्याहून काय पत्र आलं ते. नानी मान खाली घालून बसलेली असायची. तिला ऐकू येत नव्हतं असं नाही, कान काही कापले गेले नव्हते. चौथ्या वारी फोटोला नवी काच होती. कुणी बसवली ते आम्ही विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही.

पाचव्या गुरुवारी सव्वा महिना भरला. मी शेवटची पट्टी सोडली आणि घडी करून पिशवीत ठेवली. अक्का पाटावरून उठल्या. फोटोकडे एकदा पाहिलं, पदर सारखा केला आणि दाराकडे निघाल्या.

नानीनं हात डोक्यावर नेला. केसांतून चाचपून, तो बुजलेला वण सापडेपर्यंत, बोट फिरवलं.

"सिस्टर," ती म्हणाली, "आजून दुखस. पुढला बेस्तरवारले या." आणि मग अक्कांकडे न बघता, "अक्कालेबी लई या. कापूस धराले कोनी ते पाहिजे."